पहिलं इंजिन बांधायचंय, जुना ब्लॉक कुठला घेऊ?

प्रश्न: काका नमस्कार, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, मेकॅनिकल करून आता पिथमपूरला नोकरीला लागलोय. घरात बाबांची २००५ ची एस्टीम आहे, १६ व्हॉल्व्हवाली, मागेच आरसी रिन्यू करून घेतलीये आणि रोज मीच चालवतो. बाबांची अट एकच, गाडी एक दिवस पण बंद उभी राहता कामा नये. म्हणून प्लॅन असा केलाय की दुसरा ब्लॉक आणून मागच्या शेडमधे हळूहळू परफॉर्मन्स इंजिन बांधायचं, दर पगारात एखादा पार्ट, आणि तयार झालं की लागून सुट्ट्या आल्या की बदलून टाकायचं. एका भंगारवाल्याकडे नुसता ब्लॉक मिळतोय, तो म्हणतो पन्नासचा बोअर झालाय, होनिंग पण करून तयार आहे, फक्त पिस्टन टाका. दुसऱ्याकडे जुन्या स्विफ्टचं पूर्ण इंजिन आहे पण भाव जवळपास तिप्पट सांगतोय आणि त्यातलं अर्धं सामान तर मी बदलणारच आहे मग घेऊन काय करू. मित्र म्हणतात जुन्या बलेनोचं १६०० टाक एकदाच काय ते. पुढे कधीतरी टर्बो पण डोक्यात आहे. पहिल्यांदाच करतोय, तर ब्लॉक बघताना नक्की काय काय बघायचं ते नीट सांगा, यूट्यूबवर सगळे परदेशातल्या मोठ्या इंजिनांचंच सांगतात.
(एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: नुसता ब्लॉक घेऊ नकोस, आणि तो पन्नासवाला तर अजिबातच नको. तुझा प्लॅन मला आवडला, चालती गाडी न उघडता बाजूला इंजिन बांधायचं ही पहिल्या बिल्डसाठी सगळ्यात शहाणी पद्धत आहे, घाई होत नाही आणि घाईतच सगळी वाट लागते. पण सुरुवात कशावर करायची तिथे तू पैसे वाचवायला बघतोयस आणि नेमके तिथेच वाचवायचे नाहीत.

आधी पन्नास म्हणजे काय ते. तुझ्या एस्टीमचं इंजिन जी१३बीबी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५, मिळून १२९८ सीसी. बोअर झिजला की कंपनीच्या हिशोबात दोनच ओव्हरसाइज पिस्टन, ०.२५ आणि ०.५०. म्हणजे पन्नासचा बोअर झालेला ब्लॉक शेवटच्या पायरीवर उभा आहे, त्यात उद्या एक रिंग तुटून ओरखडा पडला तर पुढे स्लीव्ह बदलण्याशिवाय रस्ता नाही, आणि या ब्लॉकचं अंग ॲल्युमिनियमचं आणि आत बीडाचे लायनर, ते काढून नवीन बसवणं हे प्रत्येक खरादवाल्याचं काम नाही. तुझं पहिलंच इंजिन आहे, ट्यूनिंग करताना काहीतरी चुकणार हे धरूनच चाल, तेव्हा चुकीला जागा ठेवणारा ब्लॉक घे, म्हणजे स्टँडर्ड बोअरचा. आणि कोणी म्हणालं की मोठा बोअर म्हणजे जास्त पॉवर, तर कागदावर गणित करून बघ, ७४ चा ७४.५ केला तरी १२९८ चे साधारण १३१६ होतात, जेमतेम १८ सीसी वाढतात. ओव्हरसाइज हे दुरुस्तीचं काम आहे, पॉवरचं नाही.

होनिंग म्हणजे बोअरच्या भिंतीवर दगडाने मारलेला शेवटचा बारीक हात, आणि "होनिंग करून तयार" हे वाक्य ऐकलं की मागे फिरायचं. तयार कुठल्या पिस्टनसाठी? पिस्टन आधी हातात येतात, ते मायक्रोमीटरने मोजले जातात, मग त्या मापावर बोअर होतो, उलटं होत नाही. या इंजिनात साध्या पिस्टनला भिंतीपासून ०.०२ ते ०.०४ मिमी एवढीच जागा लागते आणि फोर्ज्ड पिस्टन टाकलेस तर त्यापेक्षा बरीच जास्त, कारण ते तापल्यावर जास्त फुगतात, त्याचा आकडा पिस्टन बनवणारा लिहून देतो आणि तोच पाळायचा. कोणीतरी अंदाजाने होन मारून ठेवलेल्या बोअरमधे तुझे पिस्टन एक तर अडकतील नाहीतर खडखडतील.

आता स्विफ्टच्या इंजिनाचं. तुला वाटतंय त्यातलं अर्धं सामान बदलणारच आहे मग ते का घेऊ. अरे ते जे बदलणार आहेस ना, तेच तर सांगतं ब्लॉकचं काय झालंय. धुऊन पुसून ठेवलेल्या नुसत्या ब्लॉकला काही इतिहास नसतो, सगळे ब्लॉक सारखेच चकचकीत दिसतात. पूर्ण इंजिनाचं चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, उघडलं की तळाला काय बसलंय ते दिसतं, चुंबकाला चिकटणारा चुरा निघाला तर लोखंड कुठेतरी घासलंय, सोनेरी चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांब्यापर्यंत गेलंय. मेन बेअरिंगचे शेल काढून ओळीने मांडायचे, पाचही सारखे घासलेले असतील तर ठीक, एकच जास्त घासलेलं किंवा निळसर पडलेलं असेल तर तिथे तेल पोचलं नव्हतं, मग त्या जागचा ब्लॉक आणि क्रँक दोन्ही संशयात. पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या घेरावर, उभे ओरखडे एका बाजूला जास्त असतील तर इंजिन तापलेलं आहे. हेड गॅस्केट काढल्यावर दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर काळा जळका माग असेल तर तिथून गॅस गेलीये, मग डेक, म्हणजे ब्लॉकचा हेड बसतो तो वरचा सपाट भाग, वाकलाय का हा पहिला प्रश्न. एवढं सगळं तुला नुसत्या ब्लॉकमधे कोण सांगणार आहे, विकणारा?

दुसरं कारण त्याहून मोठं. मेन बेअरिंगच्या कॅप. कारखान्यात कॅप ब्लॉकवर आवळून मग पाचही भोकं एका रेषेत बोअर करतात, त्यामुळे त्या कॅप त्याच ब्लॉकच्या आणि त्याच जागेच्या, वर नंबर आणि बाण असतो तो पुढच्या बाजूला. नुसता ब्लॉक घेतलास आणि कॅप नाहीत किंवा ढिगातून दुसऱ्याच ब्लॉकच्या उचलून दिल्यात तर तो ब्लॉक तुझ्या कामाचा नाही, कितीही स्वस्त असो. नवीन इंजिन पहिल्या हजार किलोमीटरमधे क्रँक धरतं त्यात हे कारण बरेचदा निघतं आणि लोक तेलाला शिव्या देतात.

पूर्ण इंजिनाचे पैसे जड जात असतील तर निदान हाफ इंजिन घे, म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन, कॅप सगळं एकत्र, हेड नसलेलं. त्याच्या खाली उतरू नकोस.

स्विफ्टचंच घ्यायचं तर वर्ष बघ. २००५ ते २०१० पर्यंतच्या पेट्रोल स्विफ्टमधे १.३ होतं, जी१३बीबीच, त्यानंतर १.२ के-सिरीज आलं आणि त्याचा तुझ्या गाडीशी काही संबंध नाही. जिप्सी आणि व्हर्सामधे पण हेच १.३ आलंय पण त्या गाड्यांमधे इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं, तुझ्याकडे आडवं, त्यामुळे माउंटिंगचे बॉस (उंचवटे) आणि भोकं तुझ्या जुन्या ब्लॉकच्या फोटोशी एकेक ताडून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. स्विफ्टच्यात पण सेन्सर आणि इग्निशनचे बारीक फरक सापडतील. माझं मत विचारशील तर महिना दोन महिने थांब आणि एस्टीमचंच पूर्ण इंजिन शोध, मागून ठोकलेल्या गाडीचं मिळालं तर सोनं, पुढून ठोकलेल्याचं नको. कागदांना पण ते सोपं पडेल, त्याचं खाली दुसऱ्या पत्रात लिहिलंय ते वाच.

बघायला जाशील तेव्हा इंजिन गाडीत चालू अवस्थेत असेल तर नशीब. सकाळी थंड असताना जा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत येतो म्हणायचं. चालू करून तेलाचं झाकण काढ, भकाभका वाफ मारत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा किंवा बोअर गेलेत. मग प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लाव, आकडा किती त्यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का ते महत्त्वाचं, एकात नि दुसऱ्यात १ किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी निघालेल्या सिलिंडरमधे चमचाभर तेल टाकून परत घे, आकडा वर आला तर रिंग-बोअर, नाही आला तर व्हॉल्व्ह. निळा धूर बघून लगेच ब्लॉक बाद करू नकोस, चालू करताना भपकन येऊन नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील पण असतात आणि ते स्वस्त काम आहे, उलट अशा धुरामुळे विकणाऱ्याचा भाव उतरतो.

उघडलेलं असेल तर नजरेने बघायच्या गोष्टी. बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरव, कडा लागली तर रिंगांनी पायरी पाडलीये. आत बोट फिरव, उभा ओरखडा नखाला अडकला तर होनिंगने जाणार नाही. गंजाचे खड्डे दिसले तर बोअर करूनच जातील आणि किती खोल आहेत ते बोअर केल्याशिवाय कळत नाही, इंदूरच्या एका पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या ब्लॉकचे लायनर असेच होतात. पाण्याच्या जागांमधे टॉर्च मार. आपल्याकडे हे फार बघायला मिळतं, कूलंट न टाकता वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरवेलचं पाणी भरलेलं, बोअरवेलचं पाणी जड, आत पांढरा थर घट्ट बसतो आणि ॲल्युमिनियम खाल्लेलं असतं. वॉटर पंप बसतो तो चेहरा आणि पाण्याची भोकं कडेने कुरतडलेली दिसली की समजायचं. कोअर प्लगच्या, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या गोल पत्र्याच्या झाकणांच्या, कडेने गंजाचे ओघळ हा पण त्यातलाच पुरावा.

हेड बोल्टच्या भोकांकडे पहिल्यांदा बांधणारे कोणीच बघत नाहीत. एक चांगला बोल्ट खिशात घेऊन जा आणि प्रत्येक भोकात हाताने तळापर्यंत फिरवून बघ. ॲल्युमिनियममधले आटे कोणीतरी अंदाजाने आवळून ओढलेले असतात, वरून दिसत नाही, तू टॉर्क रेंचने आवळशील तेव्हा शेवटच्या टप्प्याला बोल्ट नुसताच फिरत राहील. एखाददुसरं भोक हेलिकॉइलने, म्हणजे तारेचे नवे आटे बसवून, नीट होतं आणि नीट बसवलं तर टिकतं, पण तीनचार भोकं खराब असतील तर सोड. बाहेरच्या बाजूने कुठे रंग वेगळा, खडबडीत, भरल्यासारखा दिसतोय का बघ, रॉड तुटून पडलेली खिडकी वेल्डिंग किंवा एपॉक्सीने बुजवून वर सिल्व्हर रंग मारलेले ब्लॉक बाजारात असतात. रंगवलेला ब्लॉक दिसला तर आधी थिनरचा बोळा फिरवायचा.

एवढं करून पण हे सगळं नजरेचं आहे आणि नजरेला मिमीचा शंभरावा भाग दिसत नाही. म्हणून अट अशी घाल की टोकन देतो, ब्लॉक थेट मशीन शॉपला जाईल, मापात आला तर बाकीचे पैसे. प्रामाणिक विकणारा तयार होतो. ज्याला घाई आहे त्याला त्या ब्लॉकबद्दल काहीतरी माहीत आहे. मशीन शॉप निवडताना मशीन किती नवी ते बघू नकोस, डायल बोअर गेज आहे का आणि तो मायक्रोमीटरवर सेट करून मग आत घालतात का ते बघ. जो माणूस "पिस्टन आणलेत का" असं आधी विचारतो तो बरोबर माणूस. प्रत्येक बोअर वर, मधे, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा, म्हणजे एका बोअरचे सहा आकडे, चाराचे चोवीस, आणि ते कागदावर लिहून घ्यायचे. टेपर (वर-खाली मापातला फरक) किंवा ओव्हल (गोलाईतला फरक) ०.१० मिमीच्या वर गेला की बोअर करावाच लागतो. स्टँडर्ड ब्लॉक पहिल्या ओव्हरसाइजला साफ होणार असेल तर तो चांगला सौदा. डेकवर स्ट्रेट एज आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज सरकवायचा, ०.०६ ची पाती शिरली की फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट करणं. पण फेसिंग फक्त लागेल तेवढंच, कारण ब्लॉक खाली गेला की कॉम्प्रेशन वाढतं आणि टायमिंग बेल्टवर कॅम किंचित मागे पडतो, आणि आधीच दोनदा फेसिंग झालेलं असेल तर पिस्टन वर डोकावायला लागतो.

आणखी एक. मोजणी तापमानावर हलते. ७४ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन २० डिग्रीने तापला तर सुमारे ०.०३ मिमी फुगतो, म्हणजे तुझी सगळी क्लिअरन्सच तेवढी आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतून पिस्टन काढून थेट मोजले तर आकडा खोटा. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर तिन्ही एका खोलीत रात्रभर ठेवून सकाळी मोजा. तू पिथमपूरला आहेस, तुझ्या कारखान्यात क्वालिटीला बसणारा कोणी असेल त्याच्याशी ओळख वाढव, त्याच्याकडून मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकून घे, ही ओळख कुठल्याही टर्बोपेक्षा जास्त उपयोगी पडेल. तिथेच वेल्डिंग तपासायला डाय पेनिट्रंटचे स्प्रे वापरतात, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधली तडा त्यानेच दिसते. शंका राहिली तर प्रेशर टेस्ट करून घे, पाण्याच्या वाटा बंद करून हवा भरतात आणि गरम पाण्यात बुडबुडे बघतात.

बलेनोचं १६०० छान इंजिन आहे यात वाद नाही, ७५ बोअर आणि ९० चा लांब स्ट्रोक, १५९० सीसी, एस्टीममधे टाकणारे पूर्वीपासून टाकत आलेत. पण माउंट, वायरिंग, ईसीयू हे सगळं वेगळं काम, आणि तुझ्या आरसीवर १२९८ लिहिलंय. बाबांची रोजची गाडी आहे, ती कागदात अडकवू नकोस.

टर्बोचं मात्र आत्ताच ठरव, "पुढे कधीतरी" असं करून चालत नाही. बिनटर्बोचं जोरदार इंजिन म्हणजे कॉम्प्रेशन वाढवायचं, टर्बोचं म्हणजे सहसा कमी ठेवायचं, पिस्टन वेगळे, रिंग गॅप जास्त, रॉड मजबूत. आधी एक करून मग दुसऱ्यावर गेलास तर सगळं दोनदा विकत घेशील. मला विचारशील तर पहिलं इंजिन बिनटर्बोचं कर. स्टँडर्ड मापात, नीट मोजून, हेडचे पोर्ट साफ करून बांधलेलं १३०० पण असं पळतं की बाबा विचारतील काय केलंस.

बोअर होऊन आला की तेलाच्या वाटांचे प्लग काढून ब्रश घालून गरम पाणी आणि साबणाने धू, होनिंगची पूड पेट्रोलने जात नाही. पांढऱ्या कपड्यावर काळं यायचं थांबेपर्यंत पुसायचं आणि लगेच तेलाचा हात मारून प्लास्टिकमधे बांधून ठेवायचं. पावसाळ्यात तासाभरात लायनरवर तांबूस रंग चढतो.

---

प्रश्न: तुमचं सदर आमच्याकडे माझा मुलगा वाचतो, पण आज मी लिहितेय. त्याने मित्राच्या ओळखीने एक इंजिन आणलंय, दिल्लीहून आलंय म्हणतो, बिल नाही, आणि घरात ठेवलंय. तो म्हणतो नुसतं लोखंड आहे आई, त्याला कसले कागद. मला रात्री झोप लागत नाही. खरंच काही होतं का यात?
(एक आई, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी बरोबर आहे. ब्लॉकवर इंजिन नंबर ठोकलेला असतो आणि तोच नंबर कुठल्यातरी गाडीच्या आरसीवर छापलेला असतो, त्यामुळे ब्लॉक हे नुसतं लोखंड कधीच नसतं. ती गाडी चोरीची असेल तर नंबर तुमच्या घरात सापडला असा त्याचा अर्थ होतो. मेरठचं सोतीगंज देशभर जुन्या पार्टसाठी प्रसिद्ध होतं, चोरीच्या गाड्या तिथे सुट्या व्हायच्या, २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजार बंद केला. दिल्लीकडून आलेलं प्रत्येक इंजिन चोरीचं असतं असं मी म्हणत नाही, मायापुरीत, म्हणजे दिल्लीच्या भंगार बाजारात, सरळ धंदा करणारे खूप आहेत, पण सरळ धंदा करणारा बिल देतो.

आजच करायचं ते सांगतो. मुलाला घेऊन बसा, नंबरावरचं ग्रीस पुसून स्वच्छ फोटो काढा. नंबर घासलेला, परत ठोकलेला किंवा त्या जागी वेल्डिंग दिसलं तर ते इंजिन वापरायचं नाही, वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांना कळवायचं, भंगारात परत ढकलून द्यायचं नाही. नंबर शाबूत असेल तर एनसीआरबीची, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, सेवा आहे, तिथे ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते बघता येतं. मग ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडून बिल मागा, त्यावर त्याचं नाव, पत्ता, इंजिन नंबर आणि कुठल्या गाडीतून निघालं ते, जमलं तर त्या गाडीची रद्द झालेल्या आरसीची कॉपी. देत नसेल तर पैसे परत मागून इंजिन परत द्या, पैसे बुडले तरी चालतील.

गाडीत बसवायच्या आधीचं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आणि आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण हेच ठासून सांगितलं. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बदलता येतं आणि नवीन नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो, आधी अर्ज, मग बसवणं, असा क्रम ठेवा. गाडीवर लोन असेल तर बँकेचं पत्र लागतं. विमा कंपनीला लेखी कळवायचं, हे लोक विसरतात आणि अपघात झाल्यावर सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो तेव्हा आठवतं.

मुलाला रागावू नका. इंजिन उघडून शिकायची आवड असलेली मुलं मला फार जवळची वाटतात आणि ती आवड चुकीच्या कागदामुळे मरावी असं होऊ नये. फक्त एक गोष्ट त्याच्याकडून कबूल करून घ्या, की इंजिन कितीही चांगलं बांधलं तरी रात्री सुपर कॉरिडॉरवर शर्यत लावायची नाही. तिथे रस्त्यावर चालणारी, दूध पोचवणारी माणसं असतात. वेगाची हौस असेल तर एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्स संघटनेच्या, लायसन्सने होणाऱ्या स्पर्धा आहेत, कोइंबतूरचा कारी ट्रॅक, चेन्नईजवळचा ट्रॅक आहे, तिथे हेल्मेट, रोल केज आणि डॉक्टर हजर असतात.

---

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची ॲम्बॅसेडर १८०० आयएसझेड आहे, रामबागेत घरासमोर उभी असते. ब्लॉकला तडा गेलाय असं मिस्त्री म्हणतात, दुसरा ब्लॉक शोधावा की आहे तोच दुरुस्त करावा? मला जोरात पळवायची नाही पण आपल्या मूळ दमात पळायला हवी.
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: साहेब, तुमच्या गाडीचं इंजिन तर आपल्या दारातलं आहे. हिंदुस्थान मोटर्सने इसुझूच्या सहकार्याने हे १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन पिथमपूरच्या कारखान्यात बनवलं आणि तेच कॉन्टेसा क्लासिकमधे पण जायचं. त्यामुळे इंदूर, धार, महू या पट्ट्यात जुनी इंजिनं आणि ती हातांनी जोडलेले निवृत्त लोक अजून भेटतात. आधी अशा एखाद्या माणसाला गाठा, भंगार बाजार नंतर.

तडा खरंच आहे का ते आधी पक्कं करा. मिस्त्री बरेचदा पाण्यात तेल दिसलं की तडा म्हणतात आणि निघतं हेड गॅस्केट. तुमचा ब्लॉक बीडाचा आहे, हेड ॲल्युमिनियमचं, इंजिन तापलं की हेड आधी वाकतं. हेड उतरवून त्याचं फेसिंग तपासा, ब्लॉकची मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्या, बीडावर ती चांगली चालते. तडा बाहेरच्या पाण्याच्या भिंतीत असेल तर मेटल स्टिचिंगने, म्हणजे खिळ्यांची साखळी ठोकून, ती टिकाऊ बंद होते, बीडाला वेल्डिंग करणारे उत्साही लोक टाळा कारण बाजूला नवीन तडा जातो. तडा बोअरमधे उतरला असेल तर स्लीव्ह टाकून चालतं. मेन बेअरिंगच्या जागेत असेल तर मात्र ब्लॉक बदला.

बदलायचा झाला तर कॉन्टेसाच्या १.८ चा पण बघा, बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२ तोच आहे. खिशात छोटं चुंबक ठेवा, ब्लॉकवर सगळीकडून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे बीड नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. कॅप सोबत, त्याच ब्लॉकच्या, हे वर त्या मुलाला लिहिलंय ते तुम्हालाही लागू. आणि आहे तो ब्लॉक दुरुस्त होत असेल तर तोच करा, आरसीवरचा नंबर तोच राहतो आणि आरटीओत जायचं काम पडत नाही. मॅग्नेटिक टेस्टचा रिपोर्ट आला की तडा कुठे आहे त्याचा फोटो पाठवा, मग स्टिचिंग की स्लीव्ह ते बघून सांगतो.